झाले किती, आहेत किती

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा गडचिरोली जिल्हा होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. दरवर्षी शाळा उघडण्याआधी सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची यादी करायला घरोघर फिरावे लागे. वैनगंगेच्या काठची आमची गावे धानाची. मे महिन्यात माणसे तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात गेलेली असत, म्हणून मी दिवेलागणीच्या सुमारास जात असे. दारातल्या बाईला मी विचारायचो, "लेकरं किती?" आणि ती उलट मलाच विचारायची, "झाले किती का आहेत किती, गुरुजी?" पहिल्या वर्षी मला तिच्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. मग ती बोटांवर मोजून सांगे, "झाले सहा, आहेत तीन." माझ्याजवळच्या छापील तक्त्यात असलेल्यांसाठी रकाना होता, झालेल्यांसाठी नव्हता. उरलेली तीन कशाने गेली, कोणत्या महिन्यात गेली, गेली तेव्हा केवढी होती, हे विचारणे आपले काम नव्हे असे मी समजत होतो, आणि ते मी विचारले नाही.

त्याच वर्षांत, त्याच जिल्ह्यात, दोन डॉक्टर नेमके हेच विचारत घरोघर फिरू लागले होते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. दोघेही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन परतलेले. त्यांनी उभी केलेली 'सर्च' ही संस्था, तिचा शोधग्राम हा परिसर, २०१८ ची पद्मश्री, हे सारे महाराष्ट्राला माहीत आहे आणि ते पुन्हा सांगण्यासाठी हा लेख नाही. त्यांच्या चार दशकांच्या कामाकडे मला एका प्रश्नाच्या निमित्ताने पाहायचे आहे. आरोग्यातील समन्याय, म्हणजे ज्याची जशी गरज तशी सेवा, मागणाऱ्या माणसाचे आयुष्यभराचे काम सरकार आणि समाज स्वीकारतात, तेव्हा त्यातले नेमके काय उचलतात आणि काय मागे ठेवतात? माझे मत असे आहे की या कामातले जे स्वस्तात होण्यासारखे होते ते आपण उचलले, जे महाग पडणार होते ते ठेवून दिले, आणि जे ठेवून दिले त्यातच समन्याय होता.

या कामाची सुरुवात मोजण्यापासून झाली, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गावागावांत जन्म आणि मृत्यू नोंदवायचे. बाळ गेले असेल तर त्याच्या आईजवळ बसून शेवटच्या दिवसांत काय काय झाले, दूध केव्हा सुटले, छाती कशी उडत होती, अंग गरम होते की गार पडले होते, हे सबुरीने विचारायचे आणि त्यावरून मृत्यूचे कारण ठरवायचे. ज्या घरात बाळ जाते तिथे अशी विचारपूस करणे किती अवघड आहे हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पण या मोजणीवाचून काहीच पुढे सरकले नसते, कारण सरकारी नोंदवहीत ही बाळे जन्मलीच नव्हती, मग ती मरणार कुठून? पुढे २००१ साली राज्यातल्या वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला, तेव्हा आपले बहुसंख्य बालमृत्यू सरकारदरबारी नोंदवलेच जात नाहीत हे सगळ्या महाराष्ट्रापुढे आले. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, त्याच्यासाठी पद मंजूर होत नाही आणि त्याच्यासाठी विधानसभेत प्रश्नही विचारला जात नाही.

बायांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. राणीताईंनी जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगांपैकी एक तरी आजार होता, आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीत रक्त फार जाणे हे सारे सोसत या बाया चिखलात वाकून रोवणी करीत होत्या, मोहफुले वेचत होत्या. सरकारी आरोग्यसेवेचा त्यांच्याशी संबंध येई तो बाळंतपणापुरता आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेपुरता. गर्भाशयाची दखल घेतली जात होती आणि ते जिच्या पोटात आहे तिची घेतली जात नव्हती. त्या अभ्यासानंतर स्त्रीच्या आरोग्याचा विचार मातृत्वाच्या पलीकडे करावा लागेल हे जगभर बोलले जाऊ लागले, आणि त्यामागे आमच्याकडच्या दोन खेड्यांतल्या बायांचे धैर्य होते. अनोळखी तपासणीला सामोऱ्या जाणाऱ्या त्या बायांबद्दल मला फार आदर वाटतो.

मोजल्यानंतर करायचे काय, हा पुढचा प्रश्न. इथे मला मण्यांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण समन्याय या जड शब्दाचा अर्थ मला त्या मण्यांनी समजावला. लहान मुलाला साधा सर्दी-खोकला आहे की न्यूमोनिया, हे ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचा पन्नास किंवा अधिक झाला तर ते धोक्यात आहे असे समजायचे. पण गावातल्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. दहा-बारापर्यंत येत होते. अशा वेळी तिला अडाणी म्हणून बाजूला सारणे सर्वांत सोपे होते, आणि देशभर बहुतेक ठिकाणी तेच झाले. गडचिरोलीत तिच्या मोजणीला पुरेल असे साधन तयार केले गेले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया. औषधही तिच्याच हाती दिले. ५८ गावांत हे करून पाहिले, ४४ गावांशी तुलना केली आणि १९९० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांनुसार न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू या गावांत ५४ टक्क्यांनी कमी होते. शिक्षक म्हणून मी आयुष्यभर ज्यांना मोजता येत नाही त्यांना मोजायला शिकवले. ज्याला दहापर्यंतच मोजता येते त्याच्यासाठी प्रश्नच दहाच्या आत बसवता येतो, हे मला त्या मण्यांपूर्वी सुचले नव्हते.

त्यानंतरचे काम अधिक मोठे होते. बालमृत्यूंपैकी मोठा वाटा पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंचा, बाळंतपणे जवळजवळ सगळी घरी, आणि बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टर काय, नर्सही पोहोचत नव्हती. १९९५ पासून ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसे करायचे, जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा हे त्या शिकल्या. आणि जंतुसंसर्ग झालेला ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायलाही शिकल्या. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर हजारामागे ६२ वरून सुमारे २५ वर आला होता; तुलनेच्या ४७ गावांत तो जिथल्या तिथे होता. १९९९ साली हे प्रसिद्ध झाल्यावर जगातल्या अनेक गरीब देशांनी त्याची दखल घेतली आणि २०११ साली भारत सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशांच्या, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविकांच्या, मार्फत देशभर लागू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. सर्व भेटींचे मिळून आशाताईला २५० रुपये.

एका डॉक्टर दांपत्याच्या कामाला याहून मोठी मान्यता कोणती, असे कोणी विचारील. मीही काही वर्षे तसेच समजत होतो. पण देशभर गेला तो भेटींचा तक्ता. गडचिरोलीतल्या आरोग्यदूताला जे मिळाले होते, म्हणजे ज्ञानाबरोबर उपचाराचा अधिकार, पाठीशी नियमित येणारी पर्यवेक्षक आणि चूक झाली तर ती न रागावता सुधारणारी यंत्रणा, ते त्या तक्त्याबरोबर गेले नाही. इंजेक्शन आशाच्या हाती आले नाहीच. २०१४ च्या केंद्रीय सूचनांनी ते विशिष्ट परिस्थितीत एएनएमने द्यावे अशी मुभा दिली. एएनएम म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका, आणि उपकेंद्र गावात असतेच असे नाही.

ते किती दूर असते याचा हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाने करता येतो. सरकारी निकषाप्रमाणे मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० मागे एक. वाचताना वाटते की दुर्गम भागाला झुकते माप दिले आहे. आता २०११ ची जनगणना घ्या. महाराष्ट्रात सरासरी एका चौरस किलोमीटरमध्ये ३६५ माणसे राहतात, गडचिरोली जिल्ह्यात ७४. म्हणजे राज्याच्या सरासरीच्या गावांना ५,००० माणसे सुमारे १४ चौरस किलोमीटरमध्ये सापडतात आणि आमच्याकडे ३,००० माणसे गोळा करायला सुमारे ४० चौरस किलोमीटर लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्राचे गणित मांडले तर एकीकडे ३०,००० माणसांसाठी सुमारे ८२ चौरस किलोमीटर, दुसरीकडे २०,००० माणसांसाठी २७०. निकष सैल करूनही आमच्या आरोग्यसेविकेला जवळजवळ तिप्पट मुलूख पायाखाली घालावा लागतो. हीदेखील जिल्ह्याची सरासरी झाली. भामरागड आणि एटापल्लीकडे वस्ती याहून पुष्कळ विरळ आहे. तिथे रस्त्यात नाले आहेत, नाल्यांवर पूल आहेत ते पावसाळ्यात बुडतात, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. आजारी माणसाला खाटेची कावड करून नाल्यापलीकडे नेल्याची छायाचित्रे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. माणसे मोजून सोयी वाटणे ही समानता झाली. त्या सोयीपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ मोजून त्या वाटणे याला मी समन्याय म्हणतो. ब्रिटनमधील आरोग्यसेवेचा अभ्यास करून वेल्समधले एक डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ सालीच लिहून ठेवले होते की जिथे वैद्यकीय सेवेची गरज जास्त तिथे चांगली सेवा मिळण्याची शक्यता कमी असते. आमच्याकडे हे कोणाला वाचून कळावे लागत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट सांगतो. मी निवृत्त झालो होतो आणि शेजारच्या एका घरी आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद भरून देत बसलो होतो. नातू सात दिवसांचा. त्याचा बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. आमच्या गावची आशाताई, जी माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकली, सातव्या दिवसाच्या भेटीला आली. तिने अंगणात साबणाने हात धुतले, झाडून वाळवले, लुगड्याला पुसले नाहीत. आत जाऊन तिने वजनकाट्याचा आकडा धरला, खालच्या झोळीत बाळ ठेवले आणि काटा थांबेपर्यंत श्वास रोखून उभी राहिली. काटा दोन किलोच्या अलीकडेच थांबला. मग तिने हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावली, नंतर तळपायाला. पोट कोमट, पाय गार. आजी म्हणाली, "कालच्या सांजपासून दूध ओढूनच नाई राह्यला तो." आशाताईने झंपराची वरची बटणे सोडायला सांगून बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने चिकटवले, वरून शाल घट्ट गुंडाळली आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "गुरुजी, याले जंतुसंसर्ग झाला. मले दिसून राह्यलं. पण माह्या हातात सुई नाई."

१०८ ला फोन केला तेव्हा गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली होती. काळीपिवळी मिळेपर्यंत तास गेला. पहिल्या दवाखान्यात इथे सोय नाही म्हणून पुढे पाठवले. आशाताईने रोग ओळखल्यापासून पहिले इंजेक्शन टोचले जाईपर्यंत साडेचार तास झाले, आणि तो सगळा वेळ ती आईच्या शेजारी बसून शाल सारखी करीत होती. ते पोरगे वाचले. आता अंगणवाडीत जाते. चौदाव्या दिवसाची भेट बाळ दवाखान्यात असल्यामुळे घरी झाली नाही, म्हणून तिचे २५० रुपये अपुऱ्या फॉर्मच्या कारणाने कितीतरी दिवस अडकून राहिले. पैशाचे ती मला दोनदा बोलली आणि सुईचे मात्र प्रत्येक भेटीत बोलते.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. दहावी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन देणे म्हणजे गरिबांना दुय्यम दर्जाच्या उपचारात समाधान मानायला लावणे आहे, शहरातल्या बाळाला बालरोगतज्ज्ञ आणि आमच्या बाळाला आशाताई हा कसला समन्याय, असे काही डॉक्टर प्रामाणिकपणे विचारतात. याचे अर्धे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आशाताई ही बालरोगतज्ज्ञाला पर्याय नाही, आणि गावात ती आहे म्हणून तालुक्याच्या ठिकाणचे पद रिकामे ठेवायला सरकारला सबब मिळता कामा नये. पण तज्ज्ञ येईपर्यंत तिने काय करावे, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग पदभरतीची वाट पाहत नाही. त्याच्याजवळ काही तास असतात. शिवाय घरच्या उपचाराचा दर्जा दुय्यम ठरतो की नाही, हे त्या उपचाराभोवतीच्या व्यवस्थेवर ठरते. गडचिरोलीच्या प्रयोगात मृत्यू कमी झाले ते केवळ सुई हाती दिली म्हणून नव्हे, तर त्या स्त्रीला पुनःपुन्हा प्रशिक्षण मिळत होते, तिच्या नोंदी कोणीतरी वाचत होते आणि दर थोड्या दिवसांनी तिच्या शेजारी बसून तिचे काम पाहत होते. हा खर्च आहे. प्रशिक्षणाचा, पर्यवेक्षणाचा, प्रवासाचा. तोच आपण वाचवला. दर्जाची काळजी असणाऱ्यांनी आशाताईचा अधिकार काढून घेण्याऐवजी तिच्या पर्यवेक्षणासाठी पैसा मागावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आणि तिच्या पगारासाठीही. आशा ही सरकारी भाषेत स्वयंसेविका आहे. तिला मिळते ते कामाप्रमाणे मोजलेले मोबदले आणि मानधन. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांपैकी कितीतरी जणी २०२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानात दिवसेंदिवस बसल्या, तेव्हा कुठे राज्याच्या मानधनात ५,००० रुपयांची वाढ झाली. डॉक्टर सेवा करतो तेव्हा आपण त्याला त्याग म्हणतो आणि त्याचा सत्कार करतो; खेड्यातली बाई तेच करते तेव्हा तिच्याकडून ते गृहीत धरतो. हा भेद आपल्या मनातला आहे आणि तो कोणत्याही शासननिर्णयापेक्षा जुना आहे.

विदर्भाला समन्यायाची कल्पना बाहेरून आणावी लागत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या भोवतालच्या गावांत डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीवर चालणारी आरोग्य विम्याची योजना उभी केली होती. सुगी झाली की घरटी ज्वारी गोळा करायची, ज्याची शेती जास्त त्याने ज्वारी जास्त घालायची, आणि आजारपणात मात्र भूमिहीन मजुराला आणि मोठ्या कास्तकाराला एकसारखी वागणूक. देण्यात ऐपत पाहायची आणि घेण्यात गरज. गावकऱ्यांना हे पटवून द्यायला फार वेळ लागला नसावा असे मला वाटते, कारण गावजेवणाची वर्गणी आपण अशीच गोळा करतो. ज्वारी गेली, तिच्या जागी सोयाबीन आले, आणि विम्याचे कार्ड मुंबईहून येऊ लागले. त्या कार्डाने मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च वाचतो हे खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. पण सात दिवसांच्या बाळाला पौषातल्या दुपारी ते कार्ड उपयोगी पडले नाही.

आरोग्याचे सगळेच प्रश्न दवाखान्यात सुटत नाहीत हेही इथे नोंदवले पाहिजे. गडचिरोलीला येण्याआधी वर्धा जिल्ह्यात काम करीत असताना अभय बंग यांनी रोजगार हमीच्या मजुरीचा सरकारी हिशेब तपासला होता आणि त्यात मजुराला लागणारे अन्न कसे कमी धरले आहे हे दाखवून दिले होते. पुढे जिल्ह्यातल्या बायांच्या दारूविरोधी चळवळीत ते उभे राहिले आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हाही प्रश्न उपचारांच्या आधीचा होता: पाठीवर पंप कोणाच्या, आणि त्याला हातमोजे कोणी द्यायचे?

आता देवमाणसांविषयी. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे राहिले, धारणीकडे डॉ. आशीष सातव यांनी काम उभे केले. विदर्भाच्या वाट्याला अशी माणसे आली हे आमचे भाग्य आहे, आणि त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात आपोआप नमस्काराकडे जातो. तरीही आपण त्यांना देव केले याने त्यांचे आणि आपले दोघांचेही नुकसान झाले असे मला वाटते. देवाची पूजा होते. त्याच्या पद्धतीचा अभ्यास होत नाही. एखाद्या तालुक्यात असा माणूस असला की बाकीच्या रिकाम्या पदांविषयी कोणी बोलत नाही, आणि नसला की तो यावा म्हणून लोक वाट पाहतात. बंग दांपत्याच्या कामाचे वेगळेपण असे की देव व्हायला त्यांचे कामच नकार देते. त्यातली प्रत्येक मोठी पायरी डॉक्टरांकडचे काहीतरी काढून गावातल्या बाईच्या हाती देणारी आहे: आधी मणी, मग औषधाची बाटली, मग सुई. डॉक्टर नसतानाही बाळ जगावे म्हणून केलेले हे काम आहे. २०१३ साली केंद्र सरकारने नेमलेल्या आदिवासी आरोग्याच्या तज्ज्ञ समितीचे अभय बंग अध्यक्ष होते. देशातल्या १० कोटींहून अधिक आदिवासींविषयीचा तिचा अहवाल २०१८ साली आला, आणि त्यातही प्राथमिक आरोग्यसेवा बळकट करून स्थानिक माणसांनाच त्या सेवेत उभे करण्यावर भर आहे.

२०२४ साली गडचिरोली, अमरावती, भंडारा, बुलढाणा आणि वाशीम येथे नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू करायला मान्यता मिळाली. मला याचा मनापासून आनंद आहे. गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलगी आपल्याच जिल्ह्यात डॉक्टर होईल तो दिवस मला पाहायचा आहे. पण या इमारतींच्या उद्घाटनात आशाताई विसरली जाऊ नये. तिच्यासाठी शिक्षणाची शिडी असावी: आशाची पाच-सात वर्षे चोख सेवा झाली की तिला परिचारिकेच्या अभ्यासक्रमात राखीव जागा, शिकत असतानाही मानधन चालू. माझ्या विद्यार्थिनीला गणित उत्तम येत होते. चौथीनंतर पुढच्या शाळेत जायला तिला रोज नाला ओलांडावा लागे, म्हणून दहावी व्हायला तिला सात वर्षे लागली.

महाराष्ट्राचा बालमृत्युदर २०२० साली हजारामागे १६ होता, देशाचा २८. राज्याला याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु १६ ही मुंबई-पुण्यासकट सगळ्यांची मिळून सरासरी आहे, आणि सरासरीत बसवलेले गाव नकाशावर सापडत नाही. म्हणून माझी मागणी जिल्ह्याच्या सरासरीचीही नाही. ती वेळेची आहे. ज्या गावातून नवजात बाळाला इंजेक्शन मिळेल अशा ठिकाणी पोहोचायला कोणत्याही ऋतूत एक तासाहून अधिक वेळ लागतो, अशा प्रत्येक गावाची यादी आरोग्य विभागाने ग्रामसभेसमोर वाचून तयार करावी. त्या गावांतल्या आशांना जेंटामायसिन देण्याचे प्रशिक्षण आणि अधिकार द्यावा, दर पंधरा दिवसांनी त्यांच्याजवळ येऊन बसणारी पर्यवेक्षक नेमावी, भेटींचा मोबदला वेगळा न मोजता महिन्याचा पगार द्यावा, आणि गेलेल्या प्रत्येक बाळाच्या आईशी बोलून झालेली नोंद दरवर्षी गावात जाहीर करावी. हे करण्याचे ज्ञान पंचवीसहून अधिक वर्षे याच जिल्ह्यात तयार आहे. सुरुवात भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांपासून व्हावी, आणि ती पर्लकोटेला पूर येण्याआधी व्हावी.